ताकद होती, अर्धा तास नव्हता

१५ जानेवारी आली की खाशाबा जाधवांचा तोच फोटो सगळीकडे फिरतो. आता तो दिवस राज्याचा क्रीडा दिनही आहे. फोटोखालची गोष्ट ठरलेली असते. गोळेश्वरचा पोरगा, हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार दिले, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. गोष्ट खरीच आहे. पण आपण ती पैशापाशी सोडून देतो. मला त्याच्या पुढचं लिहायचंय, शरीराचं.

हेलसिंकीत शेवटच्या टप्प्यात खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. लढत लांबली, दमवणारी झाली, आणि ते थोडक्यात हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो दाखवून भांडायला खाशाबांच्या बाजूने तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेला माणूस पुन्हा उतरला आणि हरला. कांस्य मिळालं. दम परत यायला किती वेळ लागतो, हे कळणारा आणि तो वेळ मागून घेणारा एक माणूस जवळ असता तर? रुपयांत मोजायचं तर हा खर्च घर गहाण टाकण्याइतका मोठा नव्हता.

आता तालमीकडे येतो. आजकाल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. दुसरं, तालीम म्हणजे अडाणी मेहनत, खरं शास्त्र जिममध्ये. दोन्ही मला पटत नाहीत. लहानपणी तीन वर्षं तालमीत गेलोय (पैलवान झालो नाही, कान अजून शाबूत आहेत), त्यामुळे थोडं आतलं माहीत आहे.

तालमीत शास्त्र होतं. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांची वय आणि ताकदीनुसार वर्गवारी आहे, त्यांचा व्यायाम आणि आहार दिला आहे. खांबावरची मेहनतही आहे. जोर, बैठका, सपाट्या, करेल, दोर चढणं, फावड्याने हौद उकरणं हे सगळं मिळून मान, पाठ, पंजा आणि फुप्फुस तयार होतं. मेहनतीनंतर मालीश, खुराक आणि दुपारची सक्तीची झोप. पावसाळ्यात मैदानं बंद, म्हणून तेव्हा मेहनत वाढवायची आणि दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की लढतींवर भर द्यायचा. आज संघाचा प्रशिक्षक वर्षाचा आराखडा करतो, त्यात तरी वेगळं काय असतं?

फक्त हे सगळं वस्तादाच्या डोळ्यात होतं. पोराचा श्वास बघून ‘बास कर’ म्हणणारा वस्ताद गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे १० खंड काढले, ते थोर काम. पण कोणत्या पोराने किती जोर मारले, त्यानंतर त्याची लढत कशी झाली, गुडघा कधी दुखला, याची वही ठेवायची पद्धत तालमीत रुजली नाही. हजार बैठका मारल्या हा अभिमान राहिला. हजारच का, आठशे का नाही, हे कुणी विचारलं नाही.

दुसरी अडचण मातीची. निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, तिथे चिवटपणा लागतो. गादीवर घड्याळ असतं, गुण असतात, पाय वेगाने पकडायचे असतात आणि पुन्हापुन्हा उतरायचं असतं. ताकद तीच, पण तिचा खर्च वेगळा. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीचा सराव जवळपास नव्हता. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी माजी विजेत्याने त्यांना शिकवलं आणि ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. थोड्या दिवसांच्या योग्य सरावाने एवढा फरक पडला. परत आल्यावर चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि वरच्या वजनात, ५७ किलोत, पदक काढलं. शिकलेलं टिकवलं ते त्यांनी. व्यवस्थेने त्यातून काय घेतलं?

आता जपान बघा. हेलसिंकीत जपानला सगळ्या खेळांत मिळून एकच सुवर्ण मिळालं, तेच इशीचं. त्यांच्या कुस्ती महासंघाच्या इचिरो हात्तांनी हे एका माणसाचं यश म्हणून सोडलं नाही. त्यांच्या काही तऱ्हा विचित्रच होत्या, मल्लांना प्राणिसंग्रहालयात नेऊन सिंहाच्या डोळ्यांत बघायला लावायचे म्हणे. पण सराव राष्ट्रीय पातळीवर, शिस्तीत, वर्षानुवर्षं चालला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीत ५ सुवर्णं घेतली. त्याच गादीवरून निघालेल्या आपल्याला कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये मिळालं, सुशीलकुमारचं. ५६ वर्षं! पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ला झाली, पण गंगावेस किंवा मोतीबागेतल्या पोराला तिचा उपयोग किती झाला, हे तिथल्या वस्तादांनाच विचारा.

आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. खेड्यातून कोल्हापूरला आलेला पोरगा खुराकासाठी बापाचं उसाचं बिल संपवतो, वर पावडरीचा डबा घेतो. गुडघा निसटला की मात्र त्याच्यासमोर एकच प्रश्न असतो, दाखवायचं कुणाला? मालीशवाला हात लावतो, कोणी तरी लेप सांगतं, आणि सहा महिन्यांनी पोरगा गावाकडे परत. पदक आणलं की कोटीत बक्षीस आहे. पदकाआधी त्याच्या गुडघ्याकडे बघायला कुणी नाही.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल व्हावं म्हणून घोषणा झाल्या. ते होईना, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबीयांना पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला. असल्या संकुलांची चर्चा निघाली की इमारत, निधी, निविदा, भूमिपूजन एवढंच कानावर येतं. नकाशात आखाडा असतो, गादी असते, गॅलरी असते. त्यात पगारी फिजिओची आणि ताकदीचा सराव घेणाऱ्या प्रशिक्षकाची पदं किती, ती भरणार कधी, हे या १५ जानेवारीला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी विचारणार आहे. तुमच्या तालुक्यातलं क्रीडा संकुल उघडं असेल तर तुम्हीही विचारा. बंद असेल तर कुलपाचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका.