वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल कसं बनतं?

पालम असो की परभणी, भज्यांच्या गाड्यावर दिवसाअखेर कढईत काळं तेल उरतं. पुन्हा पुन्हा तापवलेलं हे तेल खाण्यालायक राहत नाही. पण त्यापासून डिझेल इंजिनात चालणारं इंधन बनतं.

तेल घट्ट असल्याने ते तसंच इंजिनात टाकता येत नाही. आधी गाळून त्यातलं पाणी काढतात. मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून साधारण 60 अंशांवर ढवळतात. 100 किलो तेलाला सुमारे 10 किलो मिथेनॉल लागतं. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. (घरी करून पाहू नका. मिथेनॉल विषारी असतं आणि चटकन पेटतं.)

खरी अडचण आम्लाची. तळून तळून तेलात सुटी मेदाम्लं वाढतात आणि सोडा टाकला की त्यांचा साबण होतो. म्हणून अशा तेलावर आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉलची प्रक्रिया करतात. सरकी, सोयाबीन तेलाच्या रिफायनरीत उरणाऱ्या साबणी गाळातून ‘ॲसिड ऑइल’ निघतं. त्यालाही हीच वाट लागू पडते. कापूस-सोयाबीनच्या मराठवाड्यात हे महत्त्वाचं.

1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांहून जास्त ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ असलेलं तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायला बंदी आहे. त्याच वर्षी ‘एफएसएसएआय’ने असं तेल गोळा करण्यासाठी ‘रुको’ उपक्रम सुरू केला. मात्र तेलाची नोंद ठेवण्याचं बंधन आहे रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांवर. भज्यांचा गाडा त्यात बसत नाही.