घाटाखालच्या शाळांची साधने

22 जुलै 2021 रोजी डोंगराचा कडा खचून तळीये गावाची कोंडाळकरवाडी गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि महाड तालुक्यातील ह्या गावाचे नाव त्या एका दुर्दैवी दिवसाशी कायमचे जोडले गेले. परंतु महाड-पोलादपूरच्या मुलखात सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या अशा वाड्यांचा इतिहास आपत्तीपुरता नाही. तेथील मुलांच्या हाती विद्येची साधने कोणी दिली आणि ती कोणाच्या बळावर टिकली, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो सांगितला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

इंग्रजी अंमलापूर्वीची शाळा म्हणजे एखाद्याची ओसरी किंवा देवळाची पडवी, आणि पहिले साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर विटकरीची बारीक पूड पसरायची, बोटाने किंवा टोकदार काडीने तीत अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की फळी हलवून पूड सारखी करायची आणि तेच अक्षर पुन्हा काढायचे, असा क्रम हात वळेपर्यंत चाले. बोरू, शाई आणि महागामोलाचा कागद त्यानंतर. पाढे, पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत होत, आणि थोरली मुले धाकट्यांना सांगत. धुळीवर लिहिण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नव्हती. मद्रासेकडील शाळांत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले अँड्र्यू बेल ह्या पाद्र्याने पाहिली, ती पद्धत मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या व्यवस्थेशी जोडली, 1797 साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले, आणि पुढे इंग्लंडातील गोरगरिबांची लेकरेही वाळूच्या तबकात अक्षरे गिरवू लागली. साधनाचा प्रवास नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच होतो असे मानणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानी घ्यावी.

पुढे मुंबईस गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या आश्रयाने पाठशाळा व पुस्तके निर्माण करणारी मंडळी उभी राहिली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताचे ग्रंथ मराठीत आणवले, शिळाछापावर पुस्तके निघू लागली, आणि 1826 साली शिकवून तयार केलेले मराठी शिक्षक देश व कोकण प्रांतांत धाडण्यात आले. ह्या घटनेचे महत्त्व मला मोठे वाटते, कारण नवे साधन आणि ते हाताळण्याची विद्या ज्यास दिली आहे असा माणूस, ही दोन्ही त्या वेळी एकत्र निघाली. पुढच्या दीडशे वर्षांत असे फार वेळा घडले नाही. 1855 मध्ये विद्याखाते स्थापन झाले, पुढे जमिनीच्या महसुलावर रुपयामागे एक आणा पट्टी बसवून तिचा एक हिस्सा शाळांना देण्याची तजवीज झाली, आणि दगडी पाटी, फळा, नकाशा व हजेरीपट ही सामग्री खेडोपाडी पोहोचू लागली. तिच्यावर देखरेख ‘दिपोटीं’ची, म्हणजे खात्याच्या डेप्युटी इन्स्पेक्टरांची. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुले धुतलेल्या कपड्यांत बसत, आणि दप्तरातील जिन्नस यादीबरहुकूम आहेत की नाहीत हे पाहून शेरा लिहिला जाई. ती पाटी मुलाच्या हातात किती वेळ असते हे त्या यादीत कोठे लिहिलेले नसे.

शिवाय ती प्रत्येकाच्या हाती होती कोठे? अस्पृश्य मानलेल्या मुलाने वर्गाबाहेर बसायचे आणि त्याच्या पाटीस शिक्षकाने हात लावायचा नाही, असा परिपाठ होता. उलट पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे, आणि त्या शिक्षणाने उभी राहिलेली माणसे ह्याच परिसरात पेन्शन घेऊन परतत. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच. 1895 साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. 1923 च्या बोले ठरावात अस्पृश्यांना खुल्या करावयाच्या जागांमध्ये सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या, हे 1927 च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण करताना विसरले जाते.

जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या, दूरचित्रवाणीसाठी शालेय कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी 1984 मध्ये, खडूफळा योजना 1987 मध्ये. दूरचित्रवाणीचे संच कित्येक ठिकाणी कपाटातच राहिले, कारण ते बिघडल्यास जबाबदारी गुरुजींची आणि दुरुस्तीस मात्र तरतूद नाही. ह्याउलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे: रणजितसिंह डिसले ह्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी क्यूआर खुणा चिकटवल्या, मोबाइलने ती खूण टिपली की कविता ऐकू येई, पाठ दिसे, हे त्यांनी आधी वर्गात चालवून दाखवले, मग 2017 मध्ये राज्याने ते पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारले, आणि 2020 साली डिसल्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे खात्याने शिक्षकाचे अनुकरण केले, आणि म्हणूनच ते साधन रुजले.

नेमक्या त्याच वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे केले आणि शाळांची छपरे उडवली. टाळेबंदीमुळे शिक्षण मोबाइलवर आलेले असताना मोबाइल भारित करण्यापुरतीही वीज अनेक गावांत नव्हती. वर्षभराने सावित्री नदीचा पूर आणि दरडी आल्या. अशा मुलखात महाडास गेले असता तेथील इंटरनेटवरून पाठ मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वाडीवर मुलांना भोवती बसवून दाखवायचे, ही शिक्षकांनी स्वतःच शोधलेली वाट आहे. तिला हुकूम लागला नाही; परंतु बिलाच्या थकबाकीपायी शाळेची वीज तोडली जाऊ नये, बिघडलेला संच दुरुस्त करण्याचा अधिकार व थोडी रक्कम मुख्याध्यापकाच्या हाती असावी, आणि केंद्रप्रमुखाने याद्या तपासण्याऐवजी वर्गात बसून पाठ पाहावा, एवढी मागणी ह्या शिक्षकांच्या वतीने जिल्हा परिषदेकडे करावयाची आहे, आणि ती पुढील अंदाजपत्रकाआधी व्हावयास हवी.