टोपीवरचा पक्षी, फांदीवरचा पक्षी

१/ इ.स. १८८६, न्यूयॉर्क. बँकेत नोकरी करणारा पक्षिप्रेमी तरुण फ्रँक चॅपमन दोन दुपारी शहरात हिंडला आणि त्याने स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा पक्षी होते. त्यांत त्याने ४० जाती ओळखल्या!

२/ शास्त्राची रीतही फारशी निराळी नव्हती. पक्षी ओळखायचा तर आधी तो बंदुकीने पाडायचा. जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनीही आपली विख्यात चित्रे मारलेल्या पक्ष्यांवरूनच रेखाटली होती.

३/ त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयात फ्लॉरेन्स मेरियम हिने मैत्रिणींसह ऑड्युबॉन सोसायटी स्थापन केली. ती २२ वर्षांची होती. टोप्यांवरून उपदेश करण्याऐवजी मुलींना रानात न्यावे, असे तिने ठरवले. जिवंत पक्ष्याशी ओळख झाली की पिसे आपोआप सुटतील, हा तिचा विश्वास.

४/ वाट दाखवायला आले ख्यातनाम निसर्गलेखक जॉन बरोज. ऋतू होता वसंत. या दिवसांत दक्षिणेत हिवाळा घालवलेले असंख्य छोटे पक्षी रात्रीच्या अंधारात उत्तरेकडे उडतात आणि पहाटे विसाव्यासाठी व अन्नासाठी खाली उतरतात. कोवळ्या पालवीवरच्या अळ्या ही त्यांची शिदोरी.

५/ त्या प्रदेशातली वसंतफेरी एका जागी थांबून भागत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेला बोबोलिंक कुरणात भेटतो, पिवळा वॉर्बलर पाणथळीच्या झुडपांत, तर ओव्हनबर्ड दाट रानातल्या पाचोळ्यावर. अधिवास बदलला की पाहुणेही बदलतात.

६/ १८८९ मध्ये मेरियमचे ‘बर्ड्स थ्रू ॲन ऑपेरा-ग्लास’ प्रसिद्ध झाले. नाटकगृहात वापरली जाणारी लहानशी दुर्बीण आता रानात आली. सामान्य वाचकालाही बंदुकीवाचून पक्षी ओळखता येतो, हे या पुस्तकाने दाखवले.

७/ पिसांचा व्यापार एवढ्याने थांबला नाही. त्यासाठी अनेक संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९०० मध्ये लेसी कायदा झाला, १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा. परंतु कायदा मागणारी माणसे आधी घडावी लागतात; ती अशा फेऱ्यांतूनही घडली.

८/ आणि चॅपमन? १९०० च्या नाताळात त्याने लोकांना आवाहन केले: सणाच्या शिकारीऐवजी पक्षी मोजा. ती गणना आजही दरवर्षी होते. १४ वर्षांपूर्वी टोप्यांवरचे मृत पक्षी मोजणारा माणूस आता इतरांकडून जिवंत पक्षी मोजवून घेत होता.