सुनावणी ‘इन कॅमेरा’ का होते?

‘खटल्याची सुनावणी इन कॅमेरा होणार’ अशी बातमी वाचून कामकाजाचे चित्रीकरण होणार असल्याचा समज अनेकांचा होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लॅटिन भाषेत ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. इन कॅमेरा सुनावणी म्हणजे बंद दाराआडची सुनावणी. तेथे प्रेक्षक व पत्रकारांना प्रवेश नसतो.

नियम आणि अपवाद

न्यायदान उघडपणे व्हावे, हा मूळ नियम आहे. चारचौघांच्या देखत साक्ष देताना खोटे बोलणे कठीण जाते आणि न्यायाधीशांच्या कामावरही जनतेची नजर राहते. हा नियम आणि त्याचा अपवाद यांचा महत्त्वाचा कस मुंबईत लागला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने आपली साक्ष छापून आल्यास व्यवसायाचे नुकसान होईल, अशी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने साक्षीच्या प्रसिद्धीस तोंडी मनाई केली. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जाणारा निकाल 1966 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने खुल्या सुनावणीचे महत्त्व मान्य केले. मात्र न्याय साधण्यासाठी आवश्यक असल्यास दार बंद करण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे, असे सांगितले. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले.

पीडितेसाठी कायदा बदलला

पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. पुढच्या वर्षी चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले. त्यानंतर 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद झाली. पीडितेची ओळख जाहीर करणे हाही गुन्हा ठरला. उलटतपासणीतले प्रश्न अनोळखी गर्दीसमोर झेलण्याच्या भीतीने कोणतीही स्त्री तक्रारच टाळू नये, हा त्यामागचा हेतू. बंद दाराआडची सुनावणी हाच अशा खटल्यांत नियम असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये गुरमित सिंग खटल्यात बजावले.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 366 मध्ये ही तरतूद कायम आहे. शक्य तेथे महिला न्यायाधीशाने सुनावणी घ्यावी, असेही ते कलम सांगते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार मुलाचे आईवडील किंवा त्याचा विश्वास असलेली व्यक्ती सुनावणीला उपस्थित राहू शकते. हिंदू विवाह कायद्याखालील दावेही बंद दाराआड चालतात. कौटुंबिक न्यायालयात दोहोंपैकी एका पक्षाने तशी मागणी केली तरी पुरते. शासकीय गुपिते कायद्याखालील खटल्यांत देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून सरकार पक्ष तशी विनंती करू शकतो.

बंद दार, पण गुप्त खटला नव्हे

बंद दाराआडही आरोपी आणि त्याचा वकील हजर असतात, उलटतपासणी होते आणि साक्षीची नोंद राहते. एखाद्या पक्षाने अर्ज केल्यास विशिष्ट व्यक्तीला प्रवेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांना असतो. बलात्काराच्या खटल्याचे कामकाज न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. परवानगी मिळाली तरी पक्षकारांची नावे व पत्ते गुप्त ठेवावे लागतात.

सीलबंद लिफाफ्याची पद्धत याहून वेगळी. त्यात एका पक्षाची कागदपत्रे फक्त न्यायाधीश पाहतात, प्रतिपक्षाला ती दिसतही नाहीत. एप्रिल 2023 मध्ये एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या परवान्यासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक टीका केली.

घटनापीठांसमोरील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सप्टेंबर 2022 पासून सुरू झाले आहे. न्यायालयाचा दरवाजा असा अधिकाधिक उघडत असताना काही दालने बंद ठेवण्यात विसंगती नाही. दार उघडे ठेवणे आणि ते लावून घेणे, दोन्हींचे कारण सत्य बाहेर यावे हेच आहे. म्हणूनच बंद दाराचा आदेश निघतो, तेव्हा तो साक्षीदाराला बोलते करण्यासाठी आहे की सत्तेला अडचणीचे ते झाकण्यासाठी, हा प्रश्न विचारणे नागरिकांचे कर्तव्य ठरते.