मुंबईची पेठ आणि खाडीपलीकडची गावे

इंदूर, बडोदे किंवा बेळगावहून व्यापारानिमित्त मुंबईस जाणाऱ्या माणसाला फार वर्षे एकच दिशा ठाऊक होती, ती दक्षिणेची. स्टेशनावर उतरावे आणि कोट विभागाची वाट धरावी. बँका, विम्याच्या कचेऱ्या, शेअर बाजार, उच्च न्यायालय, गोदी, मशीद बंदराची घाऊक पेठ, सारे काही बेटाच्या दक्षिण टोकाशी एकवटलेले. बेट अरुंद आणि लांबट. सकाळी लक्षावधी माणसे एका दिशेने लोटत आणि सायंकाळी तीच उलट दिशेने परतत. ही पेठ वाढू द्यावी ती कोणीकडे, हा स्वातंत्र्योत्तर मुंबईच्या नगररचनेतील कळीचा प्रश्न होऊन बसला.

त्याचे उत्तर प्रथम दिले ते नगरपालिकेचे अभियंते ना. वि. मोडक आणि अमेरिकन वास्तुविशारद आल्बर्ट मेयर यांनी. त्यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली आणि बंदराच्या पलीकडील भूमीकडे बोट दाखविले. १९५९ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधण्याची शिफारस केली. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी तो विचार आणखी पुढे नेला. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस घरामागे धावत नाही, कामामागे धावतो. सबब खाडीपलीकडे नुसती घरे बांधून भागणार नाही, कामे तेथे न्यावी लागतील, आणि त्यांत पहिले पाऊल सरकारी कचेऱ्यांचे पडले पाहिजे. १९७० च्या मार्चमध्ये या कामासाठी 'सिडको' हे महामंडळ स्थापन झाले आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची भूमी नव्या नगरासाठी निश्चित झाली.

येथवरचा इतिहास नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा आहे. परंतु त्याच काळात बेटाच्या दक्षिणेस काय चालले होते? बॅकबेच्या समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंटचा नवा व्यापारी विभाग उभा राहत होता. (ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी १९२० च्या दशकात याच बॅकबेच्या भरावातील उधळपट्टी चव्हाट्यावर आणली, त्यांचेच नाव त्या जागेस मिळावे, हा इतिहासाचा विनोद होय.) एका हाताने सरकार पेठेला पैलतीरी बोलावीत होते, दुसऱ्या हाताने ऐलतीरी तिला नवी जमीन देत होते. खुद्द सिडकोची नोंदणीकृत कचेरी नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत थाटली गेली. १९८१ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या विधान भवनाचे उद्घाटन झाले, तेही तेथेच. ज्याने पुढे व्हावे तोच जागचा हलत नाही, तेव्हा सराफाने किंवा विमा कंपनीने आपले बिऱ्हाड का हलवावे? नकाशावर 'मध्यवर्ती व्यापारी विभाग' म्हणून रंगविलेल्या बेलापुरास कोकण भवन आले. मंत्रालय मात्र आले नाही. रेल्वे वाशीस पोहोचली ती १९९२ मध्ये, म्हणजे महामंडळ स्थापन झाल्यावर बावीस वर्षांनी.

पेठेचा जो भाग खरोखर हलला तो घाऊक मालाचा. १९७७ मध्ये बेट-शहरातील नव्या कचेऱ्या व घाऊक व्यापार यांच्या वाढीवर निर्बंध घालण्यात आले. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार वाशीकडे गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने मसाले, धान्य, भाजीपाला व फळे यांचे बाजारही गेले. कोटाच्या आसपासच्या गल्ल्यांतील मालमोटारींची कोंडी त्यामुळे कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. हमालांच्या डोक्यावरचे ओझे अर्थात तेथेही तेच राहिले.

या आराखड्याचे मोल प्रथम मोजले ते ९५ गावांतील आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांनी. भातखाचरे आणि मिठागरे गेली. हाती आला तो तुटपुंजा मोबदला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई-दास्तान फाटा व नवघर येथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकांस परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. व्यापारी विभागाच्या विस्ताराचे गणित मांडताना कचेऱ्यांचे चौरस फूट काटेकोरपणे मोजले जातात. या पाच माणसांसाठी मात्र त्या कोष्टकात रकाना नसतो.

तिसरा प्रयोग वांद्रे-कुर्ला संकुलाचा. १९७७ मध्येच मिठी नदीच्या मुखाजवळील सुमारे ३७० हेक्टर सखल दलदलीची भूमी व्यापारी केंद्रासाठी प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली. पेठ म्हणून ते केंद्र यशस्वी झाले, यात शंका नाही. राष्ट्रीय शेअर बाजार तेथे गेला, २०१० मध्ये हिरे बाजारही गेला. कारण उघड आहे : उपनगरी रेल्वेच्या दोन्ही मार्गांच्या मधोमध ते वसले होते, कोणाला खाडी ओलांडावी लागली नाही. पण ज्या खाजणात पावसाचे पाणी पसरावयाचे, त्यावर भराव पडला आणि नदीचे पात्र आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता. तरीही मिठीकाठच्या कुर्ला, कलिना भागांत पाणी जसे चढले, त्याचा हिशेब भरावाला वगळून पुरा होत नाही.

बेटाच्या टोकावरील मोठ्या कंपन्यांनी पुढे हळूहळू वांद्रे-कुर्ल्याची वाट धरली. एअर इंडियानेही १९७४ मध्ये पूर्ण झालेली नरिमन पॉइंटची आपली उंच इमारत सोडून मुख्य कचेरी २०१३ मध्ये दिल्लीस नेली. त्या इमारतीस गिऱ्हाईक भेटले ते महाराष्ट्र शासन. २०२४ च्या मार्चमध्ये १,६०१ कोटी रुपयांच्या त्या व्यवहारास केंद्राने मान्यता दिली. शासनाला आपल्या कचेऱ्यांसाठी जागा हवी होती, मंत्रालयाच्या जवळ.