समाचाराला येणे, दाखवायला जाणे

संगमनेर परिसरात आजारी वडीलधाऱ्याला भेटायला जाण्यासाठी 'समाचाराला जाणे' हा जुना शब्द आहे. दुखणाईत माणूस घरातच अंथरुणाला खिळलेला असे आणि लेकी, जावई, व्याही, भाचे त्याच्या उशाशी येत. गेल्या पाऊणशे वर्षांत ही दिशा उलटली. आता म्हातारी माणसेच पिशवी भरून पुण्याला किंवा नाशिकला मुलाकडे निघतात, आणि कुठे निघालात असे विचारले की 'दाखवायला' एवढेच सांगतात. नातवंडांची भेट आणि डॉक्टरची तारीख एका फेरीत उरकते. हा बदल औषधांमुळे झाला असे सहज वाटते. प्रत्यक्षात त्यात रस्त्याचा वाटा मोठा आहे.

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे हे गाव पुणे-नाशिक वाटेवर वसले आहे. नाशिक सुमारे ७० किलोमीटर, पुणे सुमारे १४०. पण रेल्वे गावाला कधी लाभली नाही. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग राहुरी, बेलापूर, कोपरगाव असा पूर्वेकडून गेला. संगमनेरच्या माणसाला आगगाडी गाठायची तर आधी बैलगाडीची किंवा टांग्याची मजल मारावी लागे. पुण्याच्या बाजूला चंदनापुरीचा घाट आडवा. पुण्यात १८६७ पासून ससून रुग्णालय होते, पण छातीत कळ येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तिथवर नेणे म्हणजे वाटेतच गमावण्याची तयारी ठेवणे. त्यामुळे वैद्याचा काढा, पथ्य आणि नातेवाइकांची ये-जा हाच उपचार ठरला.

या ये-जा करण्याला रीत होती. रिकाम्या हाताने जायचे नाही. खडीसाखर, डाळिंब, पुढे मोसंबी आणि बिस्किटाचा पुडा. पेशंटजवळ फार बोलायचे नाही, पण चहा न घेता उठायचे नाही. घरच्या सुनेला आजारपणापेक्षा या चहाचाच ताप जास्त होई. बाहेरगावच्यांना कळवण्यासाठी पोस्टकार्ड होते. भारतात ते १८७९ पासून सुरू झाले. 'तब्येत बरी नसते, सवडीने येऊन जाणे' या ओळीचा खरा अर्थ 'सवडीने' असा नाही, हे लेकीला बरोबर कळे. तारेचे मात्र वेगळे. तारवाला दारात दिसला की मजकूर वाचायच्या आतच रडारड सुरू होई. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्याच्या कितीतरी आधी टेलिफोन बूथने तिची भीती संपवली होती.

दिशा पालटायला सुरुवात झाली ती एसटीने. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी धावली आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्यातल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मिळत गेल्या. त्याच काळात मुले बाहेर पडू लागली. कालव्याचे पाणी मिळालेल्या नदीकाठच्या गावांत ऊस उभा राहिला आणि एखादा मुलगा तरी शेतीवर टिकला. साकूर, घारगाव, बोट्याकडचा पठार भाग कोरडवाहू; १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षांत तिथल्यांना मुंबई-पुण्याची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६१ मध्ये संगमनेर महाविद्यालय आणि १९८३ मध्ये अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. गावातच शिकलेली मुले नोकरीसाठी आधी चाकण-भोसरीला, मग हिंजवडीला आणि काही अमेरिकेला गेली. शिक्षणसंस्थांनी गावाला जे दिले त्यात रिकामी घरेही धरावी लागतील.

मुले पांगली तशी आईबापांची 'पाळी' आली. वाटण्या झाल्यावर आईवडिलांनी कोणाकडे किती महिने राहायचे हे ठरवण्याची पद्धत आधीपासून होती. कधी आई थोरल्याकडे आणि वडील धाकट्याकडे अशीही वाटणी होई. पूर्वी ही पाळी एकाच वाड्यातल्या दोन चुलींमध्ये फिरे, आता ती दोन शहरांमध्ये फिरू लागली. मुलीचे नाव या पाळीत नसे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलाबरोबर मुलीवरही टाकली होती, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेखाली विवाहित मुलीकडूनही पोटगी मागता येते असा निर्णय दिला. व्यवहारात दवाखान्याच्या चकरा लेकी आधीपासूनच मारत होत्या. फक्त जेवणाखाण्याचा खर्च जावयाकडे नको, हा संकोच टिकून होता.

उपचारांची सोय जवळ आली तीही बाजूच्याच लोणीत. १९७० च्या दशकात तिथे प्रवरा रुग्णालय उभे राहिले आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. मोतीबिंदू, हर्निया, हाडांच्या शस्त्रक्रिया यांसाठी पुणे गाठण्याची गरज कमी झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च रेशनकार्डावर होऊ लागला. तरीही ओढा पुण्याकडेच राहिला, कारण शस्त्रक्रियेनंतर उशाशी बसणारे माणूस पुण्यात होते.

हा हिशेब प्रवासाच्या पिशवीत दिसतो. एका कप्प्यात नातवासाठी शेंगदाण्याचे लाडू आणि सुनेसाठी घरचे तूप, दुसऱ्यात एक्स-रेचे मोठे पाकीट, जुन्या चिठ्ठ्यांची फाईल आणि गोळ्या. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे कित्येक जण प्रवासाच्या सकाळी ती घेतच नाहीत. आळेफाटा किंवा नारायणगाव येईपर्यंत गाडी थांबेल याचा भरवसा नसतो. मग मुलाच्या घरी पोहोचल्यावर रक्तदाब वाढलेला निघतो आणि डॉक्टर गोळीचा डोस वाढवतो. सणाच्या दिवशी मधुमेही आजोबांच्या पानात पुरणपोळी पडते, आणि तिचा हिशेब दोन दिवसांनी रक्ताच्या अहवालात निघतो. मुलाची सुट्टी, डॉक्टरची वेळ आणि सण हे तिन्ही एका आठवड्यात बसवणे ही घरातल्या म्हातारीची खास विद्या. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांना तर सहा महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरचे पत्र आणि प्रवासविमा असा पसारा आधी जमवावा लागतो.

गेल्या दशकात महामार्ग चौपदरी झाला, चंदनापुरीचा घाट सोपा झाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. मध्ये दोनदा ही वाट बंद पडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्याच्या सीमा अडल्या आणि एसटीच्या आंतरजिल्हा फेऱ्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाल्या. पाठोपाठ २०२१ च्या अखेरीपासून काही महिने कर्मचाऱ्यांचा संप चालला. तपासण्या चुकल्या आणि भेटी फोनच्या पडद्यावर आल्या.

विडी वळणाऱ्या बायकांची गोष्ट यात थोडी वेगळी आहे. संगमनेर हे विडीचे जुने केंद्र. मजुरी हजार विड्यांवर, बसणे जमिनीवर, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात. म्हातारपणी दमा आणि धरलेली कंबर ठरलेली. मुलाकडे गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्यांच्या फेऱ्या कमी आणि छोट्या. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी रक्कम तुटपुंजी. सप्टेंबर २०१४ पासून किमान मासिक १००० रुपये ठरले. तेवढ्यासाठीही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

सरकारी पेन्शनवाल्यांसाठी या दाखल्याचा महिना नोव्हेंबर. निवृत्त शिक्षक पुण्याहून गावाकडे परतायला याच महिन्याचा आधार घेत. दिवाळी झाली, आता बँकेत जाऊन यावे लागेल, असे सुनेला सांगता येई. १० नोव्हेंबर २०१४ रोजी बोटाच्या ठशावर हा दाखला मिळण्याची सोय झाली. पण आयुष्यभर विडीचे पान कातरून आणि दोरा गुंडाळून घासलेल्या बोटांचे ठसे यंत्र लवकर घेईना. एकेक बोट पुसून, पुन्हा टेकवून पाहावे लागे. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. तेव्हापासून मुलाच्या मोबाइलसमोर बसून दाखला निघतो आणि गावी परतण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागते.