बाळंतिणीची खोली

गरोदरपणाचा काळ मराठीत ‘नऊ महिने नऊ दिवस’ असा मोजतात. हे महिने चांद्र धरले तर एक गंमत दिसते. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. असे नऊ महिने म्हणजे सुमारे २६६ दिवस, आणि गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा सरासरी काळही जवळजवळ तेवढाच आहे. वरचे नऊ दिवस वाट पाहण्याचे! हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. आपल्याला मात्र येथे पाहायचे आहे ते असे, की या अखेरच्या आठवड्यांत घरात कोणती तयारी चाले आणि तिच्यातून काय निसटत असे.

ही तयारी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की, नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून घ्यावे. जागेवरची हाडे, खडे, खापऱ्या काढून टाकाव्यात. दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. अग्नी, पाणी, उखळ, स्नानाची व शौचाची जागा यांची सोय असावी. नववा महिना लागला की चांगला दिवस पाहून स्त्रीने तेथे राहायला जावे आणि अनुभवी बायकांच्या सोबतीने प्रसूतीची वाट पाहावी. नाळ कापण्यासाठी सोने, चांदी किंवा लोखंड यांचे तीक्ष्ण शस्त्र सांगितले आहे. शस्त्र कोणते आणि नाळ कोठे बांधावी, हे इतक्या बारकाईने लिहून ठेवणारा माणूस निरीक्षक होता यात शंका नाही.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हाच होता. त्यांचे स्वतःचे पहिले मूल दहाच दिवसांत गेले होते. त्या तिकडे शिकत असतानाच, १८८४ साली, जर्मनीत निकोलायर या तरुण संशोधकाने बागेतली माती प्राण्यांच्या कातडीखाली घालून त्यांना धनुर्वात होतो हे दाखवले. १८८९ साली कितासातो यांनी तो जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला. आनंदीबाई १८८७ सालीच वारल्या.

मातीतल्या या जीवाणूचा आणि बाळंतिणीच्या खोलीचा संबंध समजण्यासाठी आपण साष्टीत येऊ. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही त्या काळी भातशेतीची गावे होती. (अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली.) कामा रुग्णालय १८८६ पासून, वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासून, पण दोन्ही दूर शहरात. गावातली बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत. पोटुशी बाई माहेरी आली की शेवटचे दिवस जुनी मऊ लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवण्यात, कुंच्या-टोपडी करण्यात, हळीव-डिंक निवडण्यात जात. घरातली एक आतली खोली रिकामी करायची, बाज टाकायची, शेगडी आणि धुरीसाठी ओवा-शेपा आणून ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमीन शेणाने स्वच्छ सारवायची.

शेणाने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, पायांना बरी वाटते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण धनुर्वाताचा जीवाणू गाईगुरांच्या आणि घोड्यांच्या आतड्यात राहू शकतो. शेणातून तो बाहेर पडतो आणि बीजाणूच्या रूपात मातीत वर्षानुवर्षे टिकतो. त्याला प्राणवायू नको असतो. तोडलेल्या नाळेचे सुकत चाललेले टोक म्हणजे त्याला हवे तसे ठिकाण. घरातलेच एखादे पाते, जमिनीवर पडलेला दोरा, नाळेला लावलेली राख किंवा शेण, एवढे पुरेसे होई. दोन दिवस नीट दूध पिणारे मूल तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास, तोंड उघडेनासे होते. मग अंग ताठते.

पाचवी आणि सटी आपल्याकडे एवढ्या धास्तीने का पुजल्या जातात, या प्रश्नाचे एक उत्तर येथे असावे असे आम्हाला वाटते. सटवाई सहाव्या रात्री कपाळावर लिहिते म्हणतात. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण तो आठवडा खरोखरच धोक्याचा होता.

मुंबईत हा रोग इतका होता, की परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. जे. सी. पटेल यांनी आयुष्याचा मोठा भाग त्याच्या अभ्यासाला दिला आणि धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ साली मुंबईतच भरली. त्याआधी दोनच वर्षे, १९६१ साली, न्यू गिनीतील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तेथे लस टोचली होती ती गर्भवतींना, आणि धनुर्वातापासून वाचली त्यांची बाळे.

हे कसे घडते? लशीमुळे आईच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. ती वारेतून बाळाकडे जातात, आणि त्यांतील बरीचशी जातात ती गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. म्हणून दोन टोचण्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवायचे, आणि दुसरी प्रसूतीच्या निदान दोन आठवडे आधी झालेली असावी. बाई दुपटी शिवत बसलेली असते, तेव्हा तिच्या शरीरातही बाळासाठी जमवाजमव चाललेली असते. सुईणींना ‘पाच स्वच्छता’ शिकवण्यात आल्या, त्या याच्या जोडीला: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचे टोक. बीजाणू मात्र चिवट. साध्या उकळण्याने ते सगळे मरतीलच असे नाही, प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसची वाफ पंधरा मिनिटे द्यावी लागते. नवे, पाकीटबंद पाते म्हणूनच महत्त्वाचे.

२०१५ साली भारतात माता व नवजात धनुर्वाताचे दूरीकरण झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. दूरीकरण म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवी हा रोग जसा जगातून गेला, तसा हा जाणार नाही, कारण देवीचा विषाणू फक्त माणसात राहत होता आणि याचे बीजाणू जमिनीत आहेत. बोरिवलीच्या एखाद्या इमारतीत बाराव्या मजल्यावर फरशीच्या घरात दवाखान्याची पिशवी भरून बसलेल्या बाईलाही ती टोचणी घ्यावी लागते, आणि पुढच्या खेपेलाही तिची आठवण ठेवावी लागते.